ब्रॅकेटची जागा

सन्माननीय सहकारी, आणि मुलांच्या दातांना तारा लावलेल्या किंवा लावू पाहणाऱ्या पालकहो,

निमंत्रणपत्रिकेवरचा विषय काहींना फार बारीक वाटला असेल. दातावर चिकटवलेला तीन-चार मिलिमीटरचा धातूचा तुकडा, म्हणजे ब्रॅकेट, अर्धा मिलिमीटर वर गेला की खाली, यावर व्याख्यान कशाला? माझे म्हणणे असे आहे की दीड-दोन वर्षांच्या या उपचारातला सर्वांत महत्त्वाचा दिवस पहिला, म्हणजे ब्रॅकेट लावण्याचा असतो, आणि नेमकी त्याच दिवशी आपण घाई करतो.

थोडे मागे जातो. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी 1920च्या दशकात तार बसवायच्या आयताकृती खाचेचे ब्रॅकेट आणले, तेव्हा प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवावी लागे आणि दाताला हवा तो कल देण्यासाठी डॉक्टर तारेलाच बाक देत. 1955 साली मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, खरखरीत करून त्यावर राळ (रेझिन) पक्की चिकटते हे दाखवले, आणि पुढे त्याच वाटेने ब्रॅकेट थेट दातावर आले. नंतर लॉरेन्स अँड्र्यूज यांनी कधीही तारा न लावलेल्या, निसर्गतःच उत्तम जुळलेल्या दातांचे 120 साचे अभ्यासून 1972 मध्ये आपले निष्कर्ष मांडले. तारेतले बाक त्यांनी ब्रॅकेटच्या खाचेत भरले: वरच्या मधल्या पटाशीला 5 अंशांचा कल, तिच्या शेजारणीला 9, सुळ्याला 11. तार सरळ ठेवा, दात आपोआप जागेवर येईल.

या ‘आपोआप’ शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. साहित्य विकायला येणारे तो शब्द उच्चारतात आणि तरुण डॉक्टर त्यावर विसंबतात; पण खाचेत भरलेले ते अंश ब्रॅकेट दाताच्या ठरलेल्या बिंदूवर बसले तरच खरे ठरतात. आपल्याकडे जांभ्याची भिंत रचताना गवंडी कोपऱ्यांवरचे दोन चिरे ओळंब्यात बसवतो, त्यांच्यात दोरी ताणतो आणि मधला प्रत्येक चिरा त्या दोरीला लावतो. तिथे दोरी चिऱ्याला फक्त जागा दाखवते. तोंडात मात्र दोरीच चिऱ्याला ओढून नेते, आणि खाच वाकडी असेल तर वाकड्याच जागी नेऊन सोडते.

हे मला शिकवणारी मुलगी बारा वर्षांची होती. ती जयगडच्या खाडीपलीकडून येत असे. आधी फेरीबोट, मग एसटी, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार. पावसाळ्यात एखाद्या दिवशी फेरी बंद राहिली, की तिची भेट पंधरा दिवसांनी पुढे जाई. तिच्या खालच्या दुसऱ्या उपदाढा, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्या मधल्या दातांपैकी मागचे, अर्ध्याच उगवल्या होत्या आणि उरलेला भाग हिरडीखाली होता. मी जे दिसत होते त्याच्या मध्यावर ब्रॅकेट लावले. डोळ्याची ही सवय फार फसवी आहे, कारण दिसणाऱ्या भागाचा मध्य हा दाताचा मध्य नसतो. ब्रॅकेट चावण्याच्या बाजूला वर सरकले होते. तार शेजारच्या खाचांशी त्याची पातळी जुळवू लागली, तशा त्या दोन्ही उपदाढा खाली दबत गेल्या. पुढचे दात सुरेख ओळीत आले म्हणून मीही समाधानी होतो आणि तिची आईही. जाड तार घातल्यावर तिने सांगितले की मागे नीट चावता येत नाही. आरसा घालून पाहिले, तर उपदाढ आणि दाढ यांच्या कडांमध्ये चक्क एक पायरी पडली होती.

ती ब्रॅकेट काढून पुन्हा लावली. पण जागा बदलली की जाड तार बसत नाही. पुन्हा लवचीक निकेल-टायटॅनियमच्या तारेपासून चढत यावे लागते. पाच महिने वाढले. तिच्या आईने एका शब्दाने दोष दिला नाही, दर खेपेला फक्त विचारी, “डॉक्टर, आता आणखी किती?” पहिल्या दिवशी त्या दोन दातांवर मी चार मिनिटे जास्त दिली असती, तर त्या मायलेकींच्या पाच खेपा वाचल्या असत्या.

संयोजकांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, आणि पत्रिकेत कबूल केलेला भाग अजून उरला आहे. तो भरभर सांगतो.

जागा तीन प्रकारे चुकते. ब्रॅकेट आडवे सरकले, तर दात स्वतःभोवती फिरतो. म्हणून समोरून पाहून भागत नाही, आरशाने दाताच्या धारेकडूनही पाहावे. सुळ्याचा सर्वांत फुगीर उंचवटा मध्यापासून किंचित पुढच्या बाजूला असतो, ब्रॅकेट त्यावर हवे. उंची चुकली, तर पायरी पडते, आणि दाताचा पृष्ठभाग गोलाईचा असल्याने मुळाचा आतबाहेरचा कलही बदलतो. उंची मोजपट्टीनेच घ्यावी, मात्र झिजलेला सुळा किंवा टवका उडालेली पटाशी असेल, तर मोजमाप कुठून सुरू करायचे ते आधी ठरवावे. ब्रॅकेट तिरके बसले, तर मुळे एकमेकांकडे झुकतात. कल दाताच्या उभ्या अक्षावरून घ्यावा, झिजलेल्या धारेवरून नव्हे. डॉक्टरची नजर प्रत्येक दातासमोर काटकोनात यावी, त्यासाठी रुग्णाची मान वळवावी आणि आपली खुर्चीही हलवावी.

ब्रॅकेट दाबून सिमेंट चहूबाजूंनी सारखे बाहेर येऊ द्यावे आणि सिमेंट घट्ट करणारा निळा दिवा लावण्यापूर्वी ते पुसावे. एका बाजूला जाड थर राहिला तर जागा बरोबर असूनही दात फिरतो. रुग्णाच्या दातांच्या साच्यावर आधी ब्रॅकेट मांडून मग ती सगळी एका ट्रेमधून एकदम तोंडात नेण्याची रीत सिल्व्हरमन आणि कोहेन यांनी 1972 मध्ये मांडली. मागच्या दातांसाठी ती फार उपयोगी आहे, पण हिरडीखाली दडलेला दात साच्यातही दडलेलाच असतो.

दात एका पातळीत आले की जाड तारेआधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढावा आणि चुकलेली सगळी ब्रॅकेट एकाच भेटीत बदलावीत. अर्धवट उगवलेल्या उपदाढेवर शक्यतो ब्रॅकेट लावूच नये. लावावे लागले, तर ते तात्पुरते आहे हे पालकांना त्याच दिवशी सांगावे. माझ्याकडच्या कार्डावर अशा दाताभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढलेले असते, आणि ब्रॅकेट हलवल्याशिवाय ते खोडले जात नाही.