उजेड पोचतो तिथपर्यंत

(दृश्य: गडचिरोली जिल्ह्यातला एक पानठेला. भर दुपार.)

सुपारीचे तुकडे, तंबाखू, त्यावर चुना. ठेलेवाला सगळं पन्नीत घेतो आणि घोटायला लागतो. चुना सुपारीत मुरेपर्यंत हात थांबत नाही. समोर उभा असलेला पोरगा तो खर्रा गालात धरतो आणि गाडीला किक मारतो.

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. खर्रा मात्र असा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तयार होतो. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच स्पष्ट केलं. इथे तर सोबत तंबाखू आहे.

हा कॅन्सर गालाच्या आत होतो, हिरडीवर होतो, जिभेच्या कडेला होतो. या जागेची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे उजेड पोचतो.

(दृश्य: अंधारी खोली. तळहाताला टेकवलेला टॉर्च.)

रात्री लाइट गेली की टॉर्च तळहाताला घट्ट लावून बघा. बोटं लालभडक दिसतात. पांढऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग रक्तामांसात अडकतो, लाल तेवढा पार होतो. लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी खोल जातो, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर. जाताना तो मांसाला फारसा त्रास देत नाही. त्याला आत झेलून त्याची उष्णता करणारं काहीतरी मात्र हवं.

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाने ते घडवलं. सिलिकाचा, म्हणजे वाळू ज्याची असते त्याच द्रव्याचा, सूक्ष्म गोळा आणि त्यावर सोन्याचा मुलामा. असे पाचशे कण शेजारी शेजारी मांडले, तर कुठे एका केसाची जाडी भरते. सोन्याचा थर किती जाड ठेवायचा, यावर तो कण कोणता प्रकाश शोषेल हे ठरतं. थर असा बेतला, की ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश पडताच कण तापतो. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवरचे त्यांचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

ताप म्हणजे काय, हे विदर्भाला कोणी शिकवायला नको. नवतप्यात चंद्रपूरला ४५-४६ अंश होतं, आपण डोक्याला दुपट्टा बांधून कामाला जातो. घाम येतो, रक्त उष्णता कातडीकडे वाहून नेतं, आतलं शरीर ३७ च्या आसपास राहतं. पण हे कण गाठीत पोचवून त्यांच्यावर प्रकाश टाकला आणि तिथली पेशीच ४५ अंशांवर गेली, तर ती मोडायला लागते. पन्नाशीच्या वर काही मिनिटांत तिच्यातली प्रथिनं गोठतात, अंड्याचा पांढरा भाग तव्यावर गोठतो तशी. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात, त्यांना ही उष्णता झटपट बाहेर काढता येत नाही. शेजारच्या निरोगी मांसावरही तोच प्रकाश पडतो, पण तिथे कण कमी, म्हणून ते निभावतं.

माणसांवरची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरचे १६ रुग्ण होते. आदल्या दिवशी शिरेतून सोन्याचे कण दिले, दुसऱ्या दिवशी बारीक तंतूंतून लेझर गाठीपर्यंत नेला. १५ जणांचे उपचार पूर्ण झाले. वर्षभराने उपचार केलेल्या जागेचे तुकडे तपासले, तर १३ जणांत तिथे कॅन्सर सापडला नाही.

१६ हा आकडा लहान आहे. शिवाय शिरेतून दिलेल्या कणांपैकी बहुतेक यकृत आणि प्लीहेत जाऊन बसतात. गाठीपर्यंत साधारणपणे शंभरातला एकही पोचत नाही, असं २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. त्यामुळे आज कोणी हे उपचार इथे मिळतील म्हणून पैसे मागितले, तर देऊ नका. आणि सुवर्णभस्म खाऊन हे होत नाही. सोनं तेच असलं तरी त्या कणाची घडण आणि त्यावर पडणारा लेझर, दोन्ही त्यात नसतात.

जपानने २०२० मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी लाल प्रकाशावर चालणाऱ्या एका औषधाला परवानगी दिली. त्यात सोन्याचे कण नाहीत, पण उजेडाने गाठ मारायची ही वाट दवाखान्यापर्यंत आली आहे, हे नक्की. आपल्याकडे आज मुख्यतः शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमो हे उपचार आहेत, आणि गाठ लहान असताना ते चांगले लागू पडतात. माणूस नागपूरला किंवा सेवाग्रामला पोचतो, तोवर बरेचदा गाल फुटलेला असतो. याचंच मला वाईट वाटतं.

(दृश्य: ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तपासणी शिबिर. रांग.)

डॉक्टर बाईंच्या हातात साधा टॉर्च आहे. समोर पस्तिशीतला गडी, खिशात अर्धी पुडी.

"भाऊ, आ करा. आणखी मोठा."

"एवढंच उघडते जी."

"किती दिवसांपासून?"

"दोनेक वर्षं झाले असतीन. तिखट खाल्लं जात नाही आता, झोंबते."

टॉर्चच्या उजेडात गालाची आतली बाजू दिसते. गुलाबी असायला हवी ती पांढुरकी पडली आहे, बोटाला दोऱ्यांसारखी लागते. अजून गाठ नाही. बाई त्याला त्याचीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगतात.

पहिलं जातं. दुसरं कसंबसं. तिसरं जात नाही.