वास नेमका येतो कुठून?

सकाळी विहिरीच्या पाण्याचा नळ सोडला, की पहिल्या धारेबरोबर येतो. कुजलेल्या अंड्यांचा वास. तोंडाशी नेलेला पेला तसाच खाली येतो.

हा हायड्रोजन सल्फाइड. लिटरभर पाण्यात 0.05 ते 0.1 मिलिग्रॅम असला, तरी नाकाला कळतो. हवा न पोचणाऱ्या खोल पाण्यात काही जीवाणू सल्फेटवर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या क्षारावर जगतात. हा वायू त्यांनीच सोडलेला. इतक्या थोड्या प्रमाणात तो सहसा बाधत नाही. चांदी मात्र काळी पडते, पाइप झिजतात.

लगेच विहिरीत औषध ओतू नका. आधी थोडा वेळ घराबाहेर जा. सततच्या वासाला नाक सरावतं, म्हणून. परत आलात की पंपाजवळचा नळ सोडा, मग घरातला गार, शेवटी गरम पाण्याचा.

वास फक्त गरम पाण्याला? मग बिचाऱ्या विहिरीला दोष देऊ नका. गीझरची टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड असतो. त्याच्यामुळेही हा वायू तयार होतो. जाणकाराकडून रॉड बदलून घ्या.

सुरुवातीला वास आणि थोडं पाणी वाहिल्यावर नाही? जीवाणू पाइपात किंवा टाकीत असावेत. पाणी कितीही वाहू दिलं तरी वास तसाच राहिला, तर तो जमिनीखालच्या पाण्यातूनच येतोय.

सांडपाण्यासारखा वास अचानक येऊ लागला, तर मात्र त्याच क्षणी पिणं थांबवा. कोलिफॉर्म (पाण्यात घाण मिसळल्याची खूण असलेले जीवाणू) आणि नायट्रेट (सांडपाण्यातून, खतांतून येणारा क्षार) यांची तपासणी करून घ्या. उकळून जीवाणू मरतात. नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं.

दोष जीवाणूंचा असेल, तर क्लोरीन. 2 मीटर व्यासाच्या विहिरीत 3 मीटर पाणी म्हणजे सुमारे 9,400 लिटर. लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीन धरलं, तर 5 टक्क्यांचं, सुगंध नसलेलं ब्लीच साधारण साडेनऊ लिटर लागतं. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडायचं, मग नळ बंद करून 12 ते 24 तास थांबायचं. तोवर हे पाणी प्यायचं नाही. नंतर वास जाईपर्यंत उपसायचं. ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

आणि एक कळकळीची विनंती. वास शोधायला विहिरीत उतरू नका. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच कोसळतो. त्याला काढायला घाईने उतरणाराही वर येत नाही.

क्लोरीननंतर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. वास परतला, तर पाण्यात हवा खेळवणारी यंत्रणा किंवा ऑक्सिडेशन फिल्टर, म्हणजे रासायनिक क्रियेने हा वायू काढणारा फिल्टर, बसवावा लागेल. वास अगदी कमी असेल, तर कार्बन फिल्टर पुरतो. कोणता घ्यायचा हे सल्फाइडच्या मोजमापावर ठरतं. ते मोजमाप विहिरीजवळच करा, कारण नमुना नेता नेता वायू उडून जातो.