परीक्षक नसलेली स्पर्धा

(मेमरीचं चित्र. लाल रेघा.)

यातली प्रत्येक लाल रेघ म्हणजे एक प्रोग्रॅम. त्याला एकच काम येतं, स्वतःची नक्कल काढणं. पडद्यावर दिसतेय ती कॉम्प्युटरची मेमरी, 60,000 आदेश मावतील एवढी. त्यांचं जग एवढंच.

हे जग, म्हणजे ‘टिएरा’, जानेवारी 1990 मध्ये टॉम रे यांनी सुरू केलं. रे मुळात जीवशास्त्रज्ञ, कोस्टा रिकाच्या जंगलात वेलींचा अभ्यास करणारे. त्यांनी हाताने लिहिला तो एकच प्रोग्रॅम, 80 आदेशांचा. पुढचं सगळं त्याच्या पिलावळीनं केलं. नक्कल काढताना मध्येच एखादा बिट (0 किंवा 1) उलटायचा. रे यांनी तशी सोयच करून ठेवली होती. मेमरी भरत आली की जुने आणि वारंवार चुकणारे प्रोग्रॅम आधी काढले जात.

संगणकशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी 1975 मध्ये मांडलेल्या जनुकीय अल्गोरिदममध्ये, म्हणजे उत्क्रांतीच्या धर्तीवर उत्तरं शोधणाऱ्या पद्धतीत, प्रत्येक उमेदवार उत्तराला गुण मिळतात. इथे गुण देणारं कुणी नाही. जगला तो जगला. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे.

(पिवळ्या रेघा.)

आता पिवळ्यांकडे बघा. फक्त 45 आदेश! नक्कल काढणारा भागच यांच्यातून गळालाय. शेजारच्या लाल प्रोग्रॅममधला तो भाग हुडकायचा, तोच चालवायचा आणि आपली प्रत काढायची. परजीवी. रे यांनी असं काही लिहिलेलंच नव्हतं.

(लाल विरळ. निळ्या वाढतात.)

निळे आले ते परजीवींना दाद न देणारे. पिवळे बघता बघता वरच्या कडेला रेटले गेले. प्रयोगाच्या दुसऱ्या फेऱ्यांमध्ये तर परजीवीवरच डल्ला मारणारे निघाले: तो जवळ आला की त्याच्या वाट्याच्या प्रोसेसरवर स्वतःच्याच प्रती काढून घेणारे. आणि कुणाच्याही मदतीशिवाय नक्कल काढणारा एक प्रोग्रॅम घटत घटत 22 आदेशांवर आला.

(जाळ्यातली यंत्रं.)

पुढे जपानच्या एटीआर या संशोधन संस्थेत रे यांनी हे प्रोग्रॅम अनेक कॉम्प्युटरच्या जाळ्यात सोडले. कुठलं यंत्र मोकळं आहे ते चाचपायचं आणि तिकडे मुक्काम हलवायचा. सुरुवातीला प्रत्येक जण सगळ्यात चांगलं दिसणारं यंत्र निवडायचा. साहजिकच तिथे झुंबड उडायची आणि ते यंत्र चांगलं राहायचं नाही. उत्क्रांतीनं शोधलेला तोडगा साधा होता: वाईट यंत्रं टाळा, बाकीच्यांपैकी कुठेही जा.

सगळं काल्पनिक, म्हणजे सॉफ्टवेअरनंच उभ्या केलेल्या, यंत्रांच्या आत चालत असल्यानं बाहेर निसटायची भीती नव्हती. रे यांना अपेक्षित होता तो गुंतागुंतीच्या जीवांचा स्फोट मात्र झाला नाही.