एकास बारा

नमस्कार, श्रोतेहो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ला. आधीच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. त्यात सिकलसेल हा रक्ताचा आजारही आला, म्हणजे आपल्या नाशिकच्या सुरगाणा-पेठ तालुक्यांकडच्या कितीतरी घरांशी त्याचा संबंध. हा कायदा लोकांना समजावत आमचा स्वयंसेवकांचा गट राज्यभर फिरतो. पगार नाही, एसटीचं भाडंही ज्याचं त्याचं.

पण मला सांगायचंय ते रॅम्पचं.

नाशिक जिल्ह्यातल्याच एका कार्यालयाने नवा रॅम्प बांधला. फीत कापली, पेढे वाटले. आमच्या गटातल्या एक ताई व्हीलचेअरवर असतात. त्यांनी बघितलं नि म्हणाल्या, "ही घसरगुंडी कोणासाठी?" पर्समधून टेप काढली. शिवणकामाची हो, त्या ब्लाऊज शिवतात. जोतं ३ फूट उंच, रॅम्प ६ फूट लांब!

साहेब म्हणाले, "अहो ताई, आहे ना रॅम्प!"

"साहेब, १ फूट उंचीला १२ फूट लांबी लागते."

लक्षात ठेवा हं, एकास बारा. ३ फुटांना ३६. शिपायाने खडू आणला, मोजत निघाले. रेघ साहेबांच्या गाडीखालून गेली ती थेट फाटकाबाहेर, चहाच्या गाडीपाशी. चहावाला म्हणतो, "मग मी गाडी उचलू का?" सगळे हसले, साहेब सोडून. ताईंनी मग भिंतीलगत आखून दिलं: १८ फूट जायचं, खुर्ची वळायला सपाट जागा, १८ फूट परत. दोन्हीकडे कठडा. पुढे रॅम्प तसाच झाला, पण वर लावली गुळगुळीत ग्रॅनाइट! या चकचकीत फरश्यांचं वेड कुठून आलं देव जाणे. पावसाळ्यात धडधाकट माणूसही आपटतो. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, शाल-श्रीफळ देण्यापेक्षा खडबडीत फरशी द्या म्हणावं.

वेळ संपत आली, भरभर सांगते. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व हवं. मग सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, सरकारी नि अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा. ६ ते १८ वयापर्यंत शिक्षण मोफत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवा. दाद मिळाली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. तक्रार लेखी, बरं का, लेखी. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. नमस्कार.