वाघोलीचा निळा स्फटिक : कॅव्हन्साइट

(दृश्य : सकाळचे कोवळे ऊन, खाणीची उभी भिंत. सुरुवातीचे काही क्षण निवेदन नाही.)

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाघोली लागते. समोर दिसणारी ही काळी भिंत त्याच परिसरातल्या एका दगडखाणीची आहे. भिंतीवर वरून खाली उतरलेल्या समांतर खोबणी म्हणजे सुरुंगासाठी घेतलेल्या छिद्रांच्या खुणा. या खोबणींच्या आधाराने नजर सावकाश खाली आणली, की खडकाचा पोत बदलत गेलेला दिसतो. वर घट्ट, एकसंध काळा पाषाण आहे. त्याखाली फोडांसारख्या पोकळ्यांनी भरलेला थर आहे. आणि तळाशी वेड्यावाकड्या, कोनदार तुकड्यांचा, पहार लावताच सुटून येणारा कच्चा खडक आहे. जगभरातले खनिजसंग्राहक वाघोलीचे नाव ज्या खनिजासाठी ओळखतात, ते या तळच्या कच्च्या खडकाच्या पोटात सापडते.

(दृश्य : पोकळीचे जवळून चित्रण. विजेरीचा प्रकाश आत जातो.)

हे कॅव्हन्साइट. स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजाच्या पापुद्र्यांवर, बारीक सुयांचा बनलेला हा बोराएवढा गोळा बसला आहे. या सुया मधल्या एका बिंदूतून चहूबाजूंना फाकलेल्या आहेत आणि प्रत्येक सुईच्या टोकाला तिच्यापुरती चकाकी आहे. रंग पाहून मोरचूद आठवते, आणि पहिल्यांदा पाहणारा माणूस यात तांबे असणार असे धरूनच चालतो. पण यात तांबे अजिबात नाही. हा निळा रंग व्हॅनेडियम या मूलद्रव्याचा आहे, आणि खनिजाच्या नावातच त्याची घटना सांगितलेली आहे: कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांची आद्याक्षरे जोडून कॅव्हन्साइट हे नाव तयार झाले.

व्हॅनेडियम हे काही दुर्मीळ मूलद्रव्य नव्हे. आपल्या काळ्या पाषाणात ते सर्वत्र आहे, पण दहा लाख भागांत काहीशे भाग, इतक्या अल्प प्रमाणात विखुरलेले. ते खडकातून सुटून पाण्यात यावे, त्याच पाण्यात पुरेसा चुना आणि सिलिका असावी, व्हॅनेडियम नेमक्या एका विद्युतभारित अवस्थेत टिकून राहावे आणि या सगळ्यांना स्फटिक होण्याइतकी मोकळी जागा मिळावी, असा मेळ पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी जमून आला आहे. त्यांतला सर्वांत समृद्ध मेळ पुण्याच्या वेशीवर जमला. ही गोष्ट पुणेकरांनाच फारशी ठाऊक नसावी, याचे वाईट वाटते.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालील चित्रण. स्फटिक सावकाश फिरवला जातो.)

आता तीच सुई सूक्ष्मदर्शकाखाली, एका दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशात पाहू. सुई या स्थितीत असताना ती गडद निळी दिसते. तबकडी पाव फेरा फिरवली, की रंग उतरत उतरत जवळजवळ नाहीसा होतो, आणि आणखी पाव फेऱ्यानंतर निळाई परत येते. स्फटिकाच्या आत सिलिकेटचे थर एकावर एक रचलेले असतात. त्या थरांना व्हॅनेडियम आणि ऑक्सिजनच्या जोड्या बांधून ठेवतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत कॅल्शियम आणि पाण्याचे रेणू राहतात. या जोड्या ठरावीक दिशेनेच रचलेल्या असल्यामुळे प्रकाश एका दिशेने कंप पावत असला तर शोषला जातो आणि दुसऱ्या दिशेने कंप पावत असला तर निसटून जातो. स्फटिकातले पाणी हे त्याच्या रचनेचाच भाग आहे, आणि स्फटिक तापवला की ते टप्प्याटप्प्याने निघून जाते. के. बी. पोवार आणि के. बायरप्पा यांनी वाघोलीच्या नमुन्यांवर क्ष-किरण, उष्णता आणि अवरक्त किरणांच्या साहाय्याने केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला.

(दृश्य : घाटातील कड्यांचे आकाशातून चित्रण. एकावर एक रचलेले खडकांचे थर.)

हा निळा गोळा कसा घडला, हे कळण्यासाठी सह्याद्रीच्या या पायऱ्यांकडे पाहायला हवे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या लांबलचक भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि पुन्हा पुन्हा येत राहिला. एक थर पसरला, थंडावला, त्यावर दुसरा आला, आणि असे करता करता सह्याद्रीत या थरांची जाडी २ किलोमीटरच्या घरात गेली. त्यालाच आपण दख्खन ट्रॅप म्हणतो. ट्रॅप या शब्दाचे मूळ पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे, आणि पडद्यावरचे हे कडे पाहिले, तर त्या नावाची वेगळी फोड करावी लागत नाही. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या खडकाखाली आहे. कार्ल्याची आणि अजिंठ्याची लेणी याच खडकात कोरली गेली, आणि १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखरही याच थरांचे बनलेले आहे.

लाव्हा थिजत असताना त्यातले वायू वर येऊ पाहतात. वरचा पृष्ठभाग आधीच कडक झालेला असल्याने ते वाटेतच अडकतात आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहतात. काही ठिकाणी वरची साय फुटते, तिचे तुकडे पुन्हा पुढे ढकलल्या जाणाऱ्या लाव्ह्यात मिसळतात आणि कोनदार तुकड्यांचा तो कच्चा खडक तयार होतो, ज्याला भूवैज्ञानिक ब्रेशिया म्हणतात. खडक थंडावल्यानंतर त्याच्या फटींमधून ऊन पाणी दीर्घकाळ झिरपत राहिले. ब्रेशियाच्या तुकड्यांमधून पाण्याला वाट सहज मिळते, आणि त्यातला काचेसारखा भाग लवकर कुजतो. कुजताना त्याने आपल्यातला चुना, सिलिका आणि अत्यल्प व्हॅनेडियम पाण्याला दिले, आणि पाण्याने ते पोकळीच्या भिंतीवर आणून ठेवले.

(दृश्य : दुभंगलेल्या पोकळीचा छेद. प्रकाशझोत भिंतीकडून आत सरकतो.)

या छेदामध्ये घटनांचा क्रम एखाद्या चोपडीसारखा वाचता येतो. भिंतीला चिकटून आधी बारीक हिरवट-पांढरा लेप आहे. त्यावर ह्युलँडाइट आणि स्टिल्बाइट ही झिओलाइट, म्हणजे रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या सिलिकेट खनिजांच्या गटातील पांढरी खनिजे आहेत. आणि सर्वांच्या वर, शेवटच्या पाहुण्यासारखे कॅव्हन्साइट. डावीकडच्या कोपऱ्यातला निळा गोळा मात्र अर्धवट झाकला गेला आहे. त्याच्यावर स्टिल्बाइटची दुसरी फेरी येऊन बसली आहे, म्हणजे निळे स्फटिक तयार झाल्यानंतरही पाणी थांबले नव्हते. अशा एका मुठीएवढ्या पोकळीत जे लिहिलेले असते, ते सुटा करून डबीत ठेवलेला निळा गोळा कधीही सांगू शकत नाही. म्हणूनच नमुना त्याच्या मूळ खडकासह जपला पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

विज्ञानाला हे खनिज प्रथम इथे सापडले नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्यात, ओवायही धरणाजवळ, १९६७ साली ते मिळाले, आणि स्टेपल्स, इव्हान्स आणि लिंडसे या तिघांनी १९७३ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्याच लेखात त्याच्या जुळ्या भावाचीही ओळख करून दिलेली आहे. त्याचे नाव पेंटागोनाइट. दोघांची रासायनिक घटना अगदी एक, फरक केवळ आतल्या रचनेचा. पेंटागोनाइटचे स्फटिक पाचाच्या जुळणीने वाढतात आणि आडवा छेद घेतला तर पंचकोनी तारा दिसतो. ओरेगनमधले स्फटिक फार लहान होते. पुढे १९७० च्या दशकात पुण्याजवळच्या खाणींतून कॅव्हन्साइट नोंदवले गेले, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वाघोलीतून ते अशा आकारात आणि अशा रंगात बाहेर येऊ लागले, की मूळ ठिकाण मागे पडले आणि वाघोली हेच या खनिजाचे घर ठरले. पेंटागोनाइटही इथे सापडते, मात्र क्वचित.

आपल्या दगडातल्या या संपत्तीची ओळख जगाला त्याच्याही कितीतरी आधी झाली होती. बोरघाटातून १८५६ ते १८६३ या काळात रेल्वेमार्ग खोदला गेला, तेव्हा तिथल्या पोकळ्यांतून निघालेले झिओलाइटचे सुंदर नमुने परदेशी संग्रहालयांपर्यंत पोहोचले. तेव्हापासून आजवर महाराष्ट्रातला स्फटिक बहुधा कोणत्या तरी दुसऱ्याच कामासाठी चाललेल्या खोदाईत उजेडात येतो. वाघोलीतही कॅव्हन्साइटसाठी खाण काढलेली नाही. खाण आहे ती खडीसाठी.

(दृश्य : क्रशर. डबर जबड्यात पडते. मूळ आवाज पूर्ण ठेवावा. निवेदन थांबते.)

सुरुंग उडाल्यावर मोठाले डबर पोकलेनने भरले जाते, डंपरने क्रशरवर येते आणि तिथून खडी, ग्रिट आणि कच होऊन बाहेर पडते. मालाचा हिशेब ब्रासवर होतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि घनफळाच्या मापात दगडाच्या पोटात काय होते, याची मोजदाद नसते. सुरुंगाचा धूर निवल्यापासून डबर उचलले जाईपर्यंतचा थोडा वेळ, एवढीच या स्फटिकांना मिळणारी सवड आहे.

(दृश्य : हात, छिन्नी, हातोडी. चेहरा दाखवू नये.)

हे हात ती सवड साधतात. या कामगाराने आधी खडकाच्या रंगावरून जागा हेरली. फिकट, हिरवट झालेला पट्टा दिसला, की त्याच्या आसपास पोकळी असण्याचा संभव अधिक, हे तो अनुभवाने जाणतो. मग हातोडीने त्याने दगड हलकेच ठोकून पाहिला. भरीव दगडाचा आवाज आणि आत पोकळी असलेल्या दगडाचा आवाज यांतला फरक ध्वनिमुद्रणातही स्पष्ट ऐकू येतो. पोकळीच्या तोंडावर तो घाव घालत नाही. चार बोटे दूर, चारही बाजूंनी छिन्नीने खाच घेत जातो, आणि शेवटी पहारीच्या एका रेट्याने संपूर्ण ढेकूळ सोडवून घेतो. घाई झाली आणि धक्का आतपर्यंत गेला, तर सुया गळतात. खनिजांची कठिनता मोजणाऱ्या १ ते १० च्या मोहस मापावर कॅव्हन्साइट ३ ते ४ एवढेच भरते, म्हणजे साध्या पोलादी चाकूनेही त्यावर ओरखडा उठतो. म्हणूनच त्याला पैलू पाडून अंगठीत बसवणे जवळपास अशक्य आहे. पैलू पाडलेले खडे अगदीच मोजके आणि चिमुकले असतात. हे रत्न पाहायचे, तर ते जसे उगवले तसेच, खडकावर बसलेले पाहावे, आणि त्यातच त्याचे खरे सौंदर्य आहे.

ढेकूळ निघाल्यावर त्यावरची भुकटी मऊ कुंचल्याने झटकली जाते, मग कापूस, मग वर्तमानपत्राचा कागद, मग खोके. पुढे हा माल व्यापाऱ्यांमार्फत देशोदेशीच्या प्रदर्शनांत आणि खासगी संग्रहांत जातो, आणि वाटेत अनेकदा त्याच्याबरोबर फक्त "पुणे, भारत" एवढाच पत्ता उरतो. सुटलेला निळा गोळा दुसऱ्याच खडकाला गोंदाने चिकटवून विकण्याचे प्रकारही होतात. भिंगाखाली गोंदाची कड दिसते, पण भिंग लावणारा ग्राहक प्रत्येक वेळी नसतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयासारखी जागा महाराष्ट्रात आहे, जिथे आपल्या खडकातली ही खनिजे आपल्याच लोकांना पाहता येतात, हे समाधानाचे आहे.

खाणीतल्या धुळीचा कामगारांच्या फुफ्फुसांवर होणारा परिणाम आणि आसपासच्या वस्तीला सोसावा लागणारा त्रास हाही या दगडाच्या कहाणीचाच भाग आहे.

(दृश्य : पाण्याने भरलेली बंद खाण, पलीकडे इमारतींचे सांगाडे.)

२०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. खाण बंद पडली की ती पाण्याने भरते, किंवा राडारोड्याने बुजते, आणि भिंतीवर दिसणारा थरांचा क्रम कायमचा नजरेआड जातो. लोणारचे सरोवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवारशात गणले आहे. त्याच न्यायाने वाघोलीची निदान एक भिंत, घट्ट पाषाणापासून तळच्या ब्रेशियापर्यंत, तिच्या पोकळ्यांसह, कुंपण घालून आणि माहितीफलक लावून राखली जावी, अशी आमची मागणी आहे. त्यासाठी फार मोठी जागा लागत नाही. सुरुवातीला पाहिलेल्या भिंतीइतकी लांबी पुरेशी आहे.

(दृश्य : खाणीतील टपरीचे बाकडे. तोच हात, कागदात गुंडाळलेला नमुना, पेन.)

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी निघालेला हा नमुना एका महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागाला देण्यासाठी बाजूला ठेवला आहे. कागदावर काय लिहायचे, असे त्या कामगाराने विचारले. आम्ही सांगत गेलो आणि तो लिहीत गेला: वाघोली, खाणीची उत्तरेकडील भिंत, तळापासून दोन पुरुष उंचीवर, तुकड्यांच्या खडकात, स्टिल्बाइटवर. मग तारीख. मग जरा थांबून, न विचारता, त्याने खाली स्वतःचे नाव लिहिले.

(दृश्य : कागदाची घडी बंद होते.)