हत्यारं टाकायची कधी?

मंडळी, मागं एकदा आमच्याकडे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा खेळ रंगला होता. यात प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं न् फासे टाकून लढायचं. फरशीवर चादर, मधे नकाशा, कडेला कडक भाकरी न् शेंगाचटणी. चौघांची टोळी खिंडीत अडकलेली, वर बारा तिरंदाज. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा न् शत्रू खेळवणारा, मीच. म्हटलं, ‘म्होरक्या ओरडतोय, हत्यारं टाका, जीव वाचेल.’ चौघं एका सुरात, ‘येडा का बे?’ तासाभरात तिघं मेले.

पोरांची चूक नव्हती. दोन महिन्यांपूर्वी हेच चौघं शरण आले होते. मी काय केलं? तलवारी काढून घेतल्या, कोठडीत टाकलं आणि पुढचा अख्खा रविवार पहारेकऱ्याचे टोमणे ऐकवले. एकाची दीड वर्ष जपलेली मंतरलेली तलवार होती. कॅरेक्टर शीटवरचं, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावरचं, तिचं नाव त्यानं इतकं दाबून खोडलं की कागद फाटला. मरणारा निदान नवं पात्र घेऊन परत बसतो. कैद्यानं काय करायचं?

नियम काय म्हणतात बघा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ चा. त्याच्या १९८१ च्या बेसिक आवृत्तीत राक्षसांना मनोबलाचा आकडा असतो. पहिला गडी पडला की, आणि मग निम्मे पडले की, दोन फासे टाकायचे. बेरीज आकड्याच्या वर गेली की ते माघार घेतात नाहीतर शरण येतात. खेळाडूंच्या पात्रांना मात्र ही परीक्षा नाही. धीर सोडायचा की नाही, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. आणि खेळणारा कशाला सोडतोय?

पाचव्या आवृत्तीत हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या जिवाचा आकडा, शून्यावर आले की वीस बाजूंचा फासा. दहा किंवा वर आलं तर यश. तीन यशं आधी आली तर जगला, तीन अपयशं आली तर गेला. पण जवळून शेवटचा घाव घालणारा ‘मारत नाही, बेशुद्ध पाडतो’ असं म्हणू शकतो, हे बहुतेक डीएम विसरतात. शत्रूलाही तो हक्क आहे.

मला पटतं ते ‘फेट’ या अशाच दुसऱ्या खेळाचं. तिथं फासा टाकायच्या आधी हार कबूल केलीत तर एक फेट पॉइंट, म्हणजे पुढं कामी येणारा गुण, मिळतो, वर आपलं काय व्हायचं त्यात तुम्हाला बोलता येतं. फासा पडला की ती सोय गेली. आपल्याला हे नवं नाही. १६६५ चा पुरंदरचा तह घ्या. गड अजून झुंजत होता तेव्हाच बोलणी झाली. २३ किल्ले दिले, १२ राखले. आपल्या सोलापूरच्या भुईकोटानंही मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेपुढं हत्यारं ठेवली. त्यावरून कुणी सोलापूरकराला भित्रा म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

म्हणून आता म्होरक्याच्या अटी मी फाशांआधीच मोठ्यानं सांगतो, आणि घासाघीस करू देतो. अगदी मंगळवार बाजारासारखी. गेल्या खेपेला तोच तलवारवाला म्हणाला, ‘घोडे घ्या, पैसे घ्या. तलवार देवळातल्या पुजाऱ्याकडं राहील, तुमच्याकडं नाही.’ मी म्होरक्याच्या आवाजात जरा कुरकुरलो आणि मान्य केलं. त्यानं चिकटपट्टी लावलेली शीट पुढं ओढली आणि तलवारीच्या नावापुढं बारीक अक्षरात लिहिलं: ‘देवळात.’