एका गोळीत दोन घड्याळं

नमस्कार श्रोतेहो.

रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. तिच्या दीड वर्षाच्या मुलाला दुपारपासून जुलाब होत होते, दोनदा उलटीही झाली होती. नवऱ्यासाठी कधीतरी आणलेल्या गोळ्यांपैकी दोन स्ट्रिपमध्ये उरल्या होत्या. ती म्हणाली, "मावशी, यांना एकाच गोळीत बरं वाटलं होतं. बाळाला अर्धी मोडून देऊ का गं?" मी म्हटलं, "थांब. आधी स्ट्रिप उलटी कर आणि मागे काय लिहिलंय ते वाच." बारीक अक्षरं होती. ती अडखळत वाचत गेली: नॉरफ्लॉक्सासिन, टिनिडाझोल, लोपेरामाइड.

मी फार्मासिस्ट आहे. जुलाब थांबवणारं औषध आणि अँटिबायोटिक एकाच गोळीत भरलेलं असतं, त्या गोळीबद्दल आज मला बोलायचंय. या गोळीबद्दल मला काळजी वाटते, कारण ती पटकन गुण देते. गुण दिसला की माणूस पुढचं काही विचारत नाही.

आधी आतड्यात काय चालतं ते पाहू. दिवसभरात आतड्यात साधारण आठ ते नऊ लिटर पाणी उतरतं. त्यातलं आपण प्यायलेलं जेमतेम दोन लिटर. बाकीचं लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्यातून पाझरणारं. हे जवळजवळ सगळं आतडं परत शोषून घेतं आणि शौचावाटे फक्त शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर जातं. जंतुसंसर्ग झाला की हा हिशेब कोलमडतो. काही जंतूंच्या विषामुळे आतडं जास्त पाणी सोडू लागतं, काही जंतू आतड्याच्या अस्तरालाच इजा करतात आणि शोषण मंदावतं. दोन्हीत पाणी आतच राहतं आणि वेगाने बाहेर पडतं.

आता लोपेरामाइड. हे अफूच्या कुळातलं औषध आहे. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं जाळं असतं, त्यावर ते काम करतं आणि आतड्याची लाटेसारखी हालचाल मंद करतं. आतला ऐवज जास्त वेळ थांबतो, तेवढ्या वेळात पाणी शोषलं जातं, शौच घट्ट होतं. अफूच्या कुळातलं असूनही त्याने गुंगी येत नाही, कारण मेंदूच्या वेशीवरचे प्रथिनांचे पंप त्याला बाहेर ढकलत राहतात. पण भरमसाट मात्रा घेतली तर हृदयाची लय बिघडू शकते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2016 मध्ये याबद्दल खास इशारा दिला होता.

लोपेरामाइड जंतू मारत नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. ते काम गोळीतल्या उरलेल्या दोघांचं. नॉरफ्लॉक्सासिन जिवाणूंच्या डीएनएची गुंडाळी सोडवणारं विकर अडवतं, त्यामुळे त्यांची वाढ थांबते. टिनिडाझोल अमीबा आणि जिआर्डियासारख्या परजीवींच्या आणि ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंच्या आत शिरून तिथे विषारी रूप घेतं. दोन्ही एकत्र घालण्यामागचा विचार असा की जंतू कुठलाही असो, एक तरी लागू पडेल. मला हा विचार पटत नाही. बहुतेक पाण्यासारखे जुलाब रोटाव्हायरस किंवा नोरोव्हायरससारख्या विषाणूंमुळे होतात आणि त्यांच्यावर यातलं एकही औषध चालत नाही. तेव्हा मार बसतो तो आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. या एका गोळीत दोन घड्याळं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. नुसतं लोपेरामाइड मोठ्या माणसाने कसं घ्यायचं? सुरुवातीला 4 मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ जुलाबानंतर 2. स्वतःच्या मनाने घेताना दिवसाला 8 च्या पुढे जायचं नाही आणि दोन दिवसांत गुण आला नाही तर डॉक्टर गाठायचे. जुलाब थांबले की औषध बंद. म्हणजे हे घड्याळ जुलाबांवर चालतं. नॉरफ्लॉक्सासिनचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळासारखं आहे: 400 मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत, जुलाब होवोत वा न होवोत.

आता धरा, तुमच्या गोळीत 400 मिलिग्रॅम नॉरफ्लॉक्सासिन आणि 2 मिलिग्रॅम लोपेरामाइड आहे. जुलाब झाला की एक गोळी, असं करत दिवसात पाच घेतल्या. लोपेरामाइड झालं 10 मिलिग्रॅम. नॉरफ्लॉक्सासिन झालं 2000, जिथे दिवसाला 800 पुरे होतं. याच्या उलट, दोन गोळ्यांत जुलाब थांबले म्हणून स्ट्रिप ठेवून दिली, तर अँटिबायोटिक अर्धवट राहिलं. आणि अँटिबायोटिकचे दिवस पुरे करायला गोळ्या चालू ठेवल्या, तर आतड्याला विनाकारण लगाम लागून पोट फुगतं, बद्धकोष्ठ होतं. काउंटरवर लोक हमखास विचारतात, "दिवसातून किती वेळा घ्यायची?" या गोळीसाठी त्याचं एक सरळ उत्तर निघत नाही.

मग ही दोन औषधं बरोबर देणं मुळातच चूक आहे का? तसं नाही. 1973 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शिगेला जंतूचा आमांश झालेल्या स्वयंसेवकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोपेरामाइडच्याच जातीचं एक औषध दिल्यावर ताप लांबला, आणि जंतू शरीरातून जायलाही जास्त दिवस लागले. आतड्याची धावपळ ही जंतू बाहेर फेकायची शरीराची धडपडही असते, हे त्यातून दिसलं. पुढे 1993 मध्ये थायलंडमधला अभ्यास आला. त्यात आमांशाच्या प्रौढ रुग्णांना नॉरफ्लॉक्सासिनच्याच कुळातल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जोडीला लोपेरामाइड दिलं, तर नुसत्या सिप्रोफ्लॉक्सासिनपेक्षा जुलाब लवकर थांबले. जंतूंवर नेमकं चालणारं औषध पोटात असेल, तर मोठ्या माणसाच्या आतड्याला लगाम घालणं चालू शकतं. प्रवासात जोराचे जुलाब झालेल्या प्रौढांना डॉक्टर आजही दोन्ही देतात. पण देतात वेगवेगळ्या गोळ्यांत, म्हणजे एक थांबवता येते आणि दुसरी चालू ठेवता येते. अँटिबायोटिक म्हणून आता अशा वेळी बहुधा अझिथ्रोमायसिन निवडतात, कारण नॉरफ्लॉक्सासिनच्या कुळाला बरेच जंतू सरावले आहेत.

सरावण्याचा विषय निघालाच आहे तर फिनलंडच्या संशोधकांचं काम सांगते. त्यांनी परदेशवारीहून परतलेल्या लोकांच्या आतड्यात अँटिबायोटिकांना दाद न देणारे जिवाणू शोधले. 2016 मध्ये त्यांनी जुलाब झालेल्या प्रवाशांची आकडेवारी मांडली. काहीच औषध न घेतलेल्यांत असे जिवाणू 21 टक्क्यांकडे सापडले. नुसतं लोपेरामाइड घेतलेल्यांत 20 टक्के. नुसतं अँटिबायोटिक घेतलेल्यांत 40 टक्के. आणि दोन्ही घेतलेल्यांत 71 टक्के. हा शेवटचा गट अगदी छोटा होता, त्यामुळे नेमक्या आकड्यावर मी अडून बसणार नाही. पण रोख कुठे आहे ते दिसतंच. साध्या जुलाबांसाठी घेतलेली गोळी असे चिवट जिवाणू पोटात मागे ठेवून जाऊ शकते. उद्या लघवीच्या मार्गाचा किंवा रक्तातला संसर्ग झाला, तर गाठ त्यांच्याशी पडते.

काही वेळा ही गोळी अजिबात नको. शौचात रक्त असेल, अंगात जोराचा ताप असेल, पोट ताणून फुगलं असेल तर स्वतःच्या मनाने घेऊच नका. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूची एक जात अशी आहे की तिच्या संसर्गात आतडं रोखलं किंवा अँटिबायोटिक दिलं तर मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका वाढू शकतो. आधीच्या अँटिबायोटिकमुळेच जुलाब लागले असतील, तर आतडं रोखल्याने मोठं आतडं धोकादायक रीतीने फुगू शकतं. हृदयाच्या लयीसाठी औषधं चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. टिनिडाझोल चालू असताना आणि थांबवल्यावर तीन दिवस दारूला हात लावायचा नाही. चेहरा तापतो, छाती धडधडते, उलट्या होतात. नॉरफ्लॉक्सासिन घेताना टाच किंवा पोटरीमागे दुखू लागलं तर गोळी तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा, कारण या कुळाने स्नायूबंध, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, तुटल्याची उदाहरणं आहेत. आणि ॲसिडिटीची औषधं, लोह, कॅल्शियम, झिंक यांच्याबरोबर नॉरफ्लॉक्सासिन घेतलं तर ते पोटात नीट शोषलंच जात नाही.

आणि लहान मुलं. यात मला जराही सूट द्यायची नाही. 1990 मध्ये पाकिस्तानातल्या डॉक्टरांनी लोपेरामाइडचे थेंब दिलेल्या तान्ह्या मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांची आतडी लुळी पडली होती आणि काही मुलं दगावली. त्यानंतर ते थेंब बाजारातून काढून घेण्यात आले. जागतिक आरोग्य संघटना तर लहान मुलांच्या जुलाबावर जुलाब थांबवणारं कुठलंच औषध देऊ नका असं सांगते. लहान मुलात जुलाब थांबलेला दिसतो, पण पाणी आतड्यातच साचत राहतं आणि मूल आतल्या आत सुकतं. लंगोट कोरडा बघून आईला हायसं वाटतं, आणि नेमका तोच वेळ हातचा जातो.

म्हणून भाचीला मी सांगितलं, "अर्धी नाही, पावसुद्धा नाही." मग विचारलं, "रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? जीभ ओली आहे? पोटाची कातडी चिमटीत धरून सोड, लगेच जागेवर जाते का? शू कधी झाली होती?" अश्रू येत होते, जीभ ओली होती, कातडी लगेच सरळ झाली. शू मात्र संध्याकाळपासून झालेली नव्हती. घरात ओआरएसचं पाकीट होतं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळी पूड एकदम विरघळवायची, अंदाजाने अर्धीमुर्धी नाही. मग दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू, आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालूच. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे 50 ते 100 मिलिलिटर द्यायचं असतं. ते एकदम गेलं नाही तरी चालतं, चमच्याचमच्याने गेलं तरी पुष्कळ. डोळे खोल गेले, मूल मलूल झालं, काहीच पोटात ठरेना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. झिंकचं डॉक्टरांना सकाळी विचारायला सांगितलं. सहा महिन्यांवरच्या मुलांना ते दहा ते चौदा दिवस देतात.

रात्री मला झोप लागली नाही. सव्वातीनला तिचा मेसेज आला, दोनच शब्दांचा: "शू झाली."